आरंभाच्या आधी काय?

विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, हे वाक्य आता खेड्यापाड्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आणि ते फळ्यावर लिहून झाले की वर्गातले एखादे चुणचुणीत पोर हात वर करतेच, "गुरुजी, मग त्याच्या आधी काय होतं?" यावर बहुधा उत्तर मिळते, "आधी काही नव्हतं. बस खाली." उत्तर सोयीचे आहे. तास पुढे सरकतो. पण आधी काही नव्हते असे शास्त्राने कुठेही सिद्ध केलेले नाही. या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य घातले त्यांत दोन मराठी माणसे आहेत आणि त्या दोघांचेही उत्तर "काही नव्हते" असे नाही. एकाने सांगितले, विश्वाला आरंभच नाही. दुसऱ्याने सांगितले, ज्याला आपण आरंभ म्हणतो त्याच्या आधीही विश्व होतेच, फक्त ते तेव्हा आकसत होते. पहिले कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर, आणि दुसरे आपल्या नाशिकच्या शेजारी, आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर.

त्यांच्या म्हणण्याकडे वळण्यापूर्वी, माणसाला इतके मागचे मुळात कळते तरी कसे, ते पाहू.

नाशिकच्या इंदिरानगरहून महामार्गाने मुंबईच्या बाजूला निघाले की थोड्याच वेळात पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला. चित्रपटाची फीत उलटी फिरवली तर काय गंमत होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. फुटलेले मडके आपोआप सांधते. रामकुंडात उडी घेतलेला पोरगा पाण्यातून वर उसळतो आणि कोरडा ठणठणीत होऊन पायरीवर उभा राहतो. विश्वाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. त्यांनी फीत उलटी फिरवली.

पण फिरवायला फीत हवी ना? ती मिळाली १९२० नंतरच्या दहा वर्षांत. बेल्जममधले एक पाद्री, जॉर्ज लमेत्र, यांनी १९२७ साली गणिताने दाखवले की विश्व प्रसरण पावत असले पाहिजे. १९२९ साली अमेरिकेत एडविन हबल यांनी दुर्बिणीतून मोजमाप करून सांगितले की दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, आणि जी जितकी दूर तितकी ती अधिक वेगाने लांब जाते. यावरून आपण सगळ्यांच्या मध्यभागी आहोत असे मात्र समजू नये. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावून ती थापतात तेव्हा पाहा. भाकरी पसरते तसा प्रत्येक तीळ दुसऱ्या प्रत्येक तिळापासून दूर जातो. कोणत्याही तिळाला विचारा, तो म्हणेल, "सगळे माझ्यापासून पळताहेत." भाकरीला काठ असतो आणि खाली परात असते. विश्वाला तसा काठ सापडलेला नाही आणि ते कशावर थापले जात आहे असेही नाही. पसरत आहे ती जागाच. तेव्हा महास्फोट म्हणजे रिकाम्या पोकळीत कुठेतरी फुटलेला बाँब, हे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करू नये. शब्द तसा फसवाच आहे.

आता फीत मागे न्या. दीर्घिका जवळ येतात, विश्व दाटते, आणि दाटताना तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम लागतो, तेच इथे. मागे जाता जाता एक वेळ अशी येते की तारे नाहीत, दीर्घिका नाहीत, नुसता तापलेला, झगझगता वायू आहे. त्या वायूतून प्रकाश मोकळा सुटला तो आरंभापासून मोजल्यास सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी. तो प्रकाश आजही आकाशात भरून आहे. फक्त विश्व पसरल्यामुळे तो निवत निवत शून्याखाली २७० अंशांवर आला आहे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म लहरींच्या रूपात उरला आहे. १९६४ साली अमेरिकेत पेन्झिआस आणि विल्सन या दोघांना आपल्या मोठ्या अँटेनात एक बारीक खरखर सापडली. ती काही केल्या जाईना. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते, तेव्हा त्यांनी कबुतरे हुसकली, विष्ठा खरवडून काढली, खरखर तशीच! ती या जुन्या प्रकाशाची होती. दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या दूरदर्शन संचावर केंद्र लागले नाही की पडद्यावर मुंग्या दिसत असत, आठवते ना? त्या मुंग्यांतली शंभरातली सुमारे एक या प्रकाशामुळे असे.

त्याहीमागे आपल्याला पुरावा आहे. पहिल्या काही मिनिटांत हैड्रोजनपासून हेलियम किती तयार व्हावा याचे गणित मांडता येते. उत्तर येते, वजनाने सुमारे चौथा हिस्सा. आणि आज विश्वातल्या सर्वांत जुन्या वायूत मोजले तर तेवढाच भरतो. म्हणजे पहिल्या काही मिनिटांपर्यंत आपली फीत चांगली स्वच्छ आहे.

हे केवढे यश आहे ते कळावे म्हणून एक हिशेब सांगतो. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. ते सगळे एका वर्षात बसवले, १ जानेवारीच्या मध्यरात्री आरंभ आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री आज, तर पांडवलेणी ज्या काळ्या खडकात कोरली आहेत, तो आपला सह्याद्रीचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला, म्हणजे ३० डिसेंबरला सकाळी. लेणी कोरायला लागले ते दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे वर्ष संपायला पाच सेकंद असताना. आणि तो जुना प्रकाश सुटला १ जानेवारीला रात्री बारा वाजून गेल्यावर पाऊण तास नव्हे, अर्धा तासही नव्हे, अवघ्या पंधरा मिनिटांच्या आत. इतक्या मागचे पाहता येते! मग त्याच्याही मागचे, अगदी पहिल्या चित्रापर्यंतचे का नाही?

इथे गाडी अडते. आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षणाचे समीकरण वापरून फीत अगदी शून्यापर्यंत नेली तर घनता अनंत येते, तापमान अनंत येते. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ साली या दिशेचे एक फार महत्त्वाचे समीकरण दिले. त्याच्या आधारे पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांनी दाखवले की आइन्स्टाइनचे गणित खरे धरले आणि द्रव्याबद्दल काही साध्या गोष्टी गृहीत धरल्या, तर हा अनंताचा खड्डा टाळता येत नाही. पुष्कळांनी याचा अर्थ लावला की तिथे काळच सुरू झाला. पण दुसराही अर्थ निघतो. एखाद्या मुलाने पाचाला शून्याने भागले आणि उत्तर "अनंत" लिहिले, तर आपण त्याला सांगतो, "बाळ, ही रीत इथे चालत नाही." आइन्स्टाइनचे गणित शून्यापाशी तसेच मोडते. तेव्हा महास्फोटाचा सिद्धांत आपल्याला तापलेल्या, दाट विश्वापासून पुढची हकीकत सांगतो, आणि ती उत्तम सांगतो. पहिला क्षण कसा होता, किंवा पहिला क्षण होता तरी का, हे तो सांगत नाही. वर्गात हा भेद एवढा एकच सांगितला तरी पुष्कळ काम होईल.

गंमत अशी की महास्फोट हे नाव रेडिओवरच्या एका भाषणातून आले आहे, आणि ते देणाऱ्या गृहस्थांना तो सिद्धांत मुळीच मान्य नव्हता. केंब्रिजचे फ्रेड हॉइल मार्च १९४९ मध्ये बीबीसीवर बोलत होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहावे म्हणून त्यांनी हा ठसकेबाज शब्द वापरला आणि तो चिकटला तो चिकटलाच. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचे १९४८ पासून म्हणणे होते की विश्व प्रसरण पावते हे खरे, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर जातात, मोकळ्या झालेल्या जागेत हळूहळू नवे द्रव्य निर्माण होते, त्यातून नव्या दीर्घिका घडतात. गावातली म्हातारी माणसे जातात, नवी पोरे जन्मतात; शंभर वर्षांनी गेलात तरी गाव भरलेलेच दिसते. याला स्थिर-स्थिती सिद्धांत म्हणतात. त्यात "आधी काय होते" याचे उत्तर सरळ आहे: आधीही असेच होते.

या हॉइलसाहेबांकडे केंब्रिजला संशोधनासाठी गेलेला तरुण म्हणजे जयंत नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे शिक्षण काशीत झाले. १९६४ साली हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला आणि पंचविशी-सव्विशीतल्या या मुलाचे नाव देशभर झाले. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण त्याच वर्षी कबुतरांच्या अँटेनातली ती खरखर जगाला कळली, आणि स्थिर-स्थितीवर ते मोठेच संकट होते. विश्व कधीच दाट आणि तप्त नव्हते, तर हा निवलेला प्रकाश आला कुठून?

नारळीकर १९७२ साली मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८८ साली त्यांनी पुण्याला 'आयुका' ही संस्था उभी केली. मूळ प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९९३ साली हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सिद्धांताला नवे रूप दिले. विश्वाला आरंभ नाही. ते पसरते, आकसते, पुन्हा पसरते, असे चार-पाच हजार कोटी वर्षांचे एकेक आवर्तन. आणि एक प्रचंड महास्फोट होण्याऐवजी ठिकठिकाणी लहान लहान स्फोटांतून द्रव्य जन्मते. जुन्या प्रकाशाचा खुलासा त्यांनी असा केला की आधीच्या आवर्तनांतल्या ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या कणांनी शोषून घेतला आणि सूक्ष्म लहरींच्या रूपात परत टाकला.

बहुसंख्य शास्त्रज्ञांना हे पटले नाही. उपग्रहांनी त्या प्रकाशातले बारीक चढउतार मोजले, ते महास्फोटाच्या गणिताशी फार नेमके जुळतात. लोखंडी कणांच्या खुलाशाशी तसे जुळत नाहीत. पुरावा पाहता बहुसंख्यांचे म्हणणे बरोबर दिसते. पण नारळीकरांचा आक्षेप मात्र आजही तितकाच टोकदार आहे. ते विचारत, द्रव्य आणि ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही असे तुम्ही शाळेत शिकवता, मग शून्य क्षणी सगळेच्या सगळे विश्व एकदम आले, त्याला तो नियम नको का? 'काही नव्हते आणि मग झाले' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांना याचे उत्तर द्यावेच लागते.

नारळीकरांची एक सवय शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुले सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर मला एक विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल. नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता काही लोक म्हणतात, हा प्रश्नच चुकीचा आहे. "आधी" हा शब्द काळाचा. काळच जर विश्वाबरोबर सुरू झाला असेल तर त्याच्या आधी म्हणजे कशाच्या आधी? १९८३ साली हार्टल आणि हॉकिंग यांनी याला गणिती रूप दिले. हॉकिंग म्हणत, दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय आहे, असे विचारण्यासारखे हे आहे. शाळेतला पृथ्वीचा गोल समोर ठेवा आणि बोट दक्षिणेकडे सरकवा. ध्रुवावर पोचलात की दक्षिण संपली. तिथे भिंत नाही, कडा नाही, गोल मजेत पुढे वळतो. पण दक्षिण नाही. कल्पना सुरेख आहे खरी. मात्र ती खरी ठरवण्याइतका पुरावा अजून नाही.

आपल्याकडे हा विचार नवा नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९ वे सूक्त, नासदीय सूक्त, याच प्रश्नाभोवती फिरते आणि उत्तर न देता शंकेवरच थांबते. पांडवलेणी ज्या भिक्षूंसाठी कोरली, त्यांच्या शास्त्याने, म्हणजे गौतम बुद्धाने, जग शाश्वत की अशाश्वत या प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारले. आणि म्हसरूळजवळच्या गजपंथाला जे जैन यात्रेकरू जातात त्यांच्या परंपरेत विश्व अनादि आहे, त्याला कोणी निर्माता नाही. यावरून "आमच्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते" असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. १९५१ साली पोप महाशयांनी महास्फोटाचा संबंध बायबलातल्या सृष्टिनिर्मितीशी जोडला, तेव्हा त्या कल्पनेचे जनक, स्वतः पाद्री असलेले लमेत्र, नाराज झाले. श्रद्धा आणि गणित यांची अशी सांगड त्यांना नको होती. पूर्वजांनी प्रश्न अचूक ओळखला, एवढे म्हटले तरी त्यांचा मान राहतो.

आता शिरपूरच्या अष्टेकरांकडे येऊ. जन्म १९४९ चा. पुढे अमेरिकेत शिकागो विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट केली आणि नंतर पेनसिल्व्हेनियात संशोधन केले. १९८६ साली त्यांनी आइन्स्टाइनचे समीकरण एका नव्या भाषेत मांडले. त्या भाषेतून जो सिद्धांत वाढला, त्याचे मर्म येवल्याच्या पैठणीवरून सांगता येईल. पैठणी लांबून पाहिली तर सलग, गुळगुळीत दिसते. डोळ्याला भिंग लावा, उभे-आडवे धागे दिसतात. आपली जागा, हे अंतराळ, तसेच विणलेले आहे, सलग नाही. त्याचे धागे इतके बारीक की एका मीटरचे तेवढे तुकडे करायचे म्हटले तर तुकड्यांची संख्या लिहायला ३५ आकडे लागतील.

मग काय झाले? कापड कितीही चुरगाळले, दाबले, तरी धाग्याहून लहान घडी पडत नाही. तसेच विश्व मागे मागे नेत दाबत गेलो तर अनंतापर्यंत पोचतच नाही. १९८६ नंतर वीस वर्षांनी, २००६ साली, अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी गणित करून दाखवले की घनता एका ठराविक टोकाला, पाण्याच्या सुमारे दोनावर ९३ शून्ये इतक्या पटीला, पोचली की गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागते. फीत तिथे तुटत नाही. ती पलीकडे जाते, आणि पलीकडे दिसते आकसत येणारे विश्व. चेंडू जमिनीवर आपटून उसळावा तसे ते उसळले. त्या उसळीच्या अलीकडच्या बाजूला आपण राहतो.

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते असे आपण म्हणतो आणि त्यात खोटे काही नाही. पण तिथले पाणी डोंगराने घडवलेले नसते. ते पावसाचे असते, पाऊस ढगाचा, ढग अरबी समुद्राचा. ब्रह्मगिरीपासून पुढे त्या पाण्याला गोदावरी हे नाव पडते एवढेच. अष्टेकरांच्या हिशेबाने महास्फोट हा असा उगम आहे. त्याच्या आधीचे पाणी निराळ्या नावाने वाहतच होते. मला स्वतःला हे उत्तर फार आकर्षक वाटते; पण ते नुसते आवडून भागत नाही.

आणखीही तर्क आहेत. १९८१ साली ॲलन गुथ यांनी सांगितले की आरंभी विश्व क्षणार्धात अफाट फुगले. काहींच्या मते ते फुगणे सर्वत्र एकदम थांबत नाही, आणि उकळत्या दुधात बुडबुडे यावेत तशी विश्वे उपजत राहतात. आपले त्यातले एक. हे इतर बुडबुडे कधी दिसणार नसतील तर त्याला शास्त्र म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे.

म्हणून खरी कसोटी मोजमापाची. उसळीपूर्वीच्या विश्वाची काही खूण त्या जुन्या प्रकाशात उरली असेल का? त्या प्रकाशात आकाशाच्या फार मोठ्या पट्ट्यांवर काही बारीकशा विसंगती दिसतात. त्यांचा खुलासा उसळीच्या गणिताने होतो असे अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवले. पण त्या विसंगती इतक्या क्षीण आहेत की केवळ योगायोगाच्याही असू शकतील. दुसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा. प्रकाश ३ लाख ८० हजार वर्षांच्या पडद्यामागून येऊ शकत नाही, या लहरी येऊ शकतात. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीवाल्यांनी जाहीर केले की विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या लहरींची खूण सापडली. जगभर पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. वर्ष पुरे होते न होते तोच कळले की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनेही होऊ शकते, आणि धूळ वजा केल्यावर दावा टिकला नाही. आपले निशाण उतरवण्याच्या कामात ते दुर्बिणीवाले स्वतः सामील होते, हे विसरू नये.

या शोधाचे एक टोक आपल्या अगदी जवळ आहे. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तिथून आत खोडद गावाजवळ ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ठरलेल्या ठेक्यात टिकटिक करणारे दूरचे मृत तारे ती घड्याळांसारखी ऐकते. मधून गुरुत्वीय लहर गेली तर टिकटिकीत सेकंदाचा अतिसूक्ष्म फरक पडतो. जून २०२३ मध्ये युरोपातल्या आणि इथल्या निरीक्षकांनी मिळून जाहीर केले की असा फरक सगळ्या आकाशभर पडत असल्याच्या खुणा दिसतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही त्याच सुमारास तेच सांगितले. या लहरी बहुधा एकमेकींभोवती फिरणाऱ्या प्रचंड कृष्णविवरांच्या असाव्यात. पण त्यांतला काही अंश विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणांतलाही असू शकतो, ती शक्यता अजून निकालात निघालेली नाही. ते वेगळे काढायला वर्षानुवर्षांची टिकटिक साठवावी लागते, आणि ते काम चालू आहे.